देणेकरी सिनेटर आणि युद्धाचा हिशेब

१९१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात, बाराव्या रस्त्यावर, पुरुषांचे शर्ट, टाय आणि टोप्या विकणारे एक दुकान उघडले. फ्रान्सच्या रणभूमीवरून परतलेले कॅप्टन हॅरी ट्रूमन आणि सैन्यातील त्यांचे सहकारी एडी जेकबसन हे त्याचे भागीदार होते. गिऱ्हाइकांत ट्रूमन यांच्या तोफखान्यातील जुने जवानही असत. सुरुवातीला धंदा जोरात चालला. परंतु भाव चढे असताना भरलेला माल मंदी येताच निम्म्या मोलाचा झाला आणि १९२२ साली दुकान बंद करावे लागले. पेढीवर बसणाऱ्या कोणालाही ही कथा अपरिचित वाटणार नाही.

पुढे जेकबसन यांनी दिवाळखोरी जाहीर केली. कायद्याने तो मार्ग ट्रूमन यांनाही मोकळा होता, पण त्यांनी तो पत्करला नाही. व्यापाऱ्यांची आणि बँकांची देणी ते कित्येक वर्षे थोडीथोडी फेडत राहिले. चरित्रकार हा भाग फार रंगवून सांगतात. बुडालेल्या एका बँकेकडील कर्जरोखा त्यांच्या भावाने मूळ रकमेच्या अंशानेच सोडवून घेतला होता, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे. तरीही देणेकऱ्याचे जिणे काय असते, हे या मनुष्यास ठाऊक होते. १९४० साली, ते सिनेटर असतानाच, त्यांच्या मातेची शेतजमीन गहाणापोटी गेली.

१९३४ साली मिसुरी राज्यातून ते सिनेटवर निवडून आले, ते पेंडरगास्ट या कुख्यात राजकीय टोळीच्या पाठबळावर. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये प्रथम त्यांना फारशी किंमत नव्हती. मात्र एका प्रश्नावर त्यांनी स्वपक्षाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध मत दिले. तो प्रश्न माजी सैनिकांच्या बोनसचा होता. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना १९२४ च्या कायद्याने प्रमाणपत्रे दिली गेली होती, परंतु त्यांची पूर्ण रक्कम मिळायची होती १९४५ साली! महामंदीत नोकरी गेलेल्या माणसाला तेवढी वाट पाहणे शक्य नव्हते. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकामुलांसह राजधानीत येऊन झोपड्या बांधून राहिले. अखेर सरकारने सैन्य पाठवून त्यांना हुसकावले आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. १९३६ च्या जानेवारीत काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून रक्कम त्वरित देण्याचा कायदा मंजूर केला. तिजोरीवर भार पडणार हे उघड होते, तरी ट्रूमन यांनी बाजूने मत दिले. सरकारी खर्चाच्या बाबतीत पुढे कठोर म्हणून गाजलेल्या या सिनेटरचे ते मत काहींना विसंगत वाटते. परंतु लेखी कबूल केलेले देणे आणि उधळपट्टी यांतला फरक हिशेबनीसाला सांगावा लागत नाही.

१९४१ च्या आरंभी अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती, पण तयारीवर अब्जावधी डॉलर खर्च होत होते. मिसुरीत उभारल्या जात असलेल्या फोर्ट लिओनार्ड वुड या छावणीतील उधळपट्टीच्या तक्रारी ट्रूमन यांच्याकडे आल्या. कोणाला न कळवता स्वतःची मोटार हाकीत ते निघाले आणि हजारो मैल फिरून त्यांनी अनेक छावण्या पाहिल्या. ठिकठिकाणी बांधकामाचे सामान उघड्यावर पडून होते आणि मजूर हातावर हात ठेवून बसले होते. या उधळपट्टीचे मूळ ठेक्याच्या पद्धतीत होते. ठेकेदाराने जो खर्च दाखवावा तो सरकारने भरून द्यायचा आणि वर ठरावीक मोबदला द्यायचा. काटकसर केल्याने ठेकेदाराच्या पदरात काहीच पडत नसे. मग ती त्याने का करावी?

फेब्रुवारीत ट्रूमन यांनी सिनेटमध्ये चौकशी समितीची मागणी केली आणि १ मार्च १९४१ रोजी ती मान्य झाली. त्यांनी २५,००० डॉलर मागितले होते, मिळाले १५,०००. त्यातील ९,००० डॉलर प्रमुख वकील ह्यू फुल्टन यांच्या वार्षिक वेतनाचे! आपल्या निधीचा मोठा भाग एका चांगल्या माणसावर घालण्याचा हा निर्णय अत्यंत शहाणपणाचा ठरला.

अमेरिकेच्या यादवी युद्धात काँग्रेसच्या एका समितीने सेनापतींच्या डावपेचांत ढवळाढवळ करून घोटाळा माजवला होता. त्याचा अभ्यास ट्रूमन यांनी केला होता. लढाई कशी करावी हे आपल्या समितीने सांगायचे नाही, पैसा आणि माल यांपुरतेच पाहायचे, असे त्यांनी ठरवले. पहिल्या महायुद्धानंतर चौकशांचा पाऊस पडला होता, पण तेव्हा गेलेला पैसा परत येण्याजोगा नव्हता. म्हणून तपासणी काम चालू असतानाच करायची. अहवालाचा मसुदा छापण्यापूर्वी संबंधितांना दाखवला जाई आणि दोन्ही पक्षांचे सदस्य त्यावर एकमताने सही करीत.

छावण्यांच्या बांधकामात १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाया गेल्याचे समितीने पहिल्याच वर्षी दाखवून दिले. वर्षाला एक डॉलर नाममात्र वेतनावर सरकारात बसून मूळ कंपनीचा पगार चालू ठेवणाऱ्या उद्योगपतींवरही तिने बोट ठेवले. दोन घरचा पाहुणा कोणाचे हित पाहील? मे १९४२ मध्ये नॉरफोकजवळच्या खवळलेल्या समुद्रात, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या दोन नौकांची चाचणी झाली. नौदलाच्या कचेरीने आखलेली नौका डगमगली आणि न्यू ऑर्लीन्सच्या अँड्र्यू हिगिन्स यांची नौका टिकली. समितीने हे प्रकरण लावून धरले. रणगाड्यासह त्या नौकेत उतरणाऱ्या सैनिकांच्या प्राणांचा तो प्रश्न होता.

१९४३ सालची दोन प्रकरणे याहून गंभीर होती. पिट्सबर्गजवळच्या अर्विन येथील पोलाद कारखान्यात चाचण्यांचे आकडे खोटे लिहिले जात होते. ओहायोतील लॉकलंड येथे कर्टिस-राईट कंपनीच्या कारखान्यातून सदोष विमान-इंजिने निरीक्षकांच्या संगनमताने मंजूर होत होती. तोफखान्यात अधिकारी राहिलेल्या माणसाला अशा मंजुरीच्या शिक्क्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नसेल.

समितीने १० ते १५ अब्ज डॉलर वाचवले, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. न झालेल्या खर्चाचे खाते कोणीच लिहीत नाही, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. समितीचा स्वतःचा खर्च मात्र नोंदलेला आहे. १९४८ पर्यंतच्या सात वर्षांत तो १० लाख डॉलरपर्यंतही पोहोचला नाही.

एका दाराशी ही तपासणी थांबली. जून १९४३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका प्रचंड प्रकल्पाविषयी समितीने विचारणा केली. युद्धमंत्री स्टिमसन यांनी दूरध्वनीवरून सांगितले की ते काम अत्यंत गुप्त आहे. ट्रूमन यांनी अधिक प्रश्न न करता विचारणा मागे घेतली. तेथे अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार व्हायचे होते. पूर्ण माहिती त्यांना मिळाली ती एप्रिल १९४५ मध्ये, रूझवेल्ट यांच्या निधनानंतर स्वतः राष्ट्राध्यक्ष झाल्यावर.

१९५३ साली ते पदावरून निवृत्त झाले, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तिवेतन देण्याची तरतूद नव्हती. तो कायदा १९५८ साली झाला. तोवर सरकारकडून त्यांना मिळत होते ते जुन्या सैनिकाचे निवृत्तिवेतन, महिना सुमारे ११२ डॉलर.