गरम, चालू, सपाटीवर

पहाटे साडेपाच. सप्टेंबर महिना, लेस्टरशायरमधल्या आमच्या गॅरेजबाहेर अजून काळोख. आत १९८६ सालची पोर्श ९११ कॅरेरा उभी आहे. ३.२ लिटरचं, हवेवर थंड होणारं, आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन. मागची सीट काढलेली, रोल केज बसवलेला. ही गाडी आता ट्रॅकपुरतीच राहिली आहे आणि आज तिला डॉनिंग्टन पार्कला न्यायचंय.

शिकायला इथं आलेला कोल्हापूरचा एक मुलगा सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे हाताखाली असतो. त्यानं डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली आणि ओरडलाच, "ताई, अहो हिच्यात ऑइलच नाही! टोकालासुद्धा लागलं नाही." दुसऱ्या हातात बाटली आलीसुद्धा.

"बाटली आधी खाली ठेव. काल संध्याकाळी होतं, मग रात्रीत कुठं गेलं ते सांग."

नेहमीच्या गाडीत ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठतं. ड्राय संपमध्ये तिथं ऑइल साठू द्यायचंच नसतं. साठा वेगळ्या टाकीत असतो. या ९११मध्ये ती टाकी उजव्या मागच्या मडगार्डच्या आत, चाकामागे आहे. एक पंप टाकीतून ऑइल ओढून दाबानं इंजिनाला देतो. दुसरा, त्याहून मोठ्या ताकदीचा, खाली गळलेलं ऑइल हवेसकट उपसून टाकीत परत टाकतो. इंजिन बंद झालं की उपसाही बंद. मग टाकीतलं ऑइल पंपाच्या दात्यांमधल्या फटींतून रात्रभर झिरपत इंजिनाच्या पोटात उतरतं. गाडीत ऑइल आहे, पण आपण मोजतो त्या जागी नाही. अशा कोरड्या डिपस्टिककडे बघून दोन लिटर ओतले, तर गाडी सुरू होऊन गरम झाल्यावर टाकी तुडुंब भरते. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून इंजिनात ओढलं जातं आणि मागे निळा धूर. ऑइल कमी पडून आलेल्या ड्राय संप गाड्यांपेक्षा अशा घाईच्या ओतण्यानं बिघडलेल्या गाड्याच मी जास्त बघते.

थंड गाडीवर लेव्हलचं काम नाही, गळतीचं आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतचे पाइप, त्यांचे क्लॅम्प, टाकीवरच बसणारा फिल्टर, उजव्या दाराखालच्या पट्टीतून पुढच्या कूलरकडे जाणाऱ्या नळ्या. प्रत्येक जोडावरून कोरडं पांढरं फडकं फिरवायचं आणि फडकं बघायचं. सगळं कोरडं निघालं. गाडी ट्रेलरवर चढवली.

साडेसात. पॅडॉकमध्ये पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे सपाट जागा शोधणं. गवंडी वापरतात तशी छोटी पाणसळ मी कायम जवळ ठेवते, कारण डोळ्याला सपाट वाटणारं डांबर बहुतेक वेळा पाण्याच्या निचऱ्यासाठी उतरतं केलेलं असतं. टाकी गाडीच्या एका कडेला आहे, त्यामुळे गाडी उजवीकडे थोडी जरी कलली तरी डिपस्टिकवरचा आकडा सरकतो. जागा सापडली, मुलानं चारही चाकांशी खडूनं खुणा केल्या. दिवसभर गाडी मोजायची ती याच खुणांवर.

इंजिन सुरू केल्यावर धुराचा एक लोट आला. सिलिंडर आडवे असल्यामुळे रात्री थोडं ऑइल त्यांत साचून राहतं, तेवढा धूर चालतो. आवाजाची तपासणी झाली, साडेआठला ड्रायव्हरांचं ब्रीफिंग, नऊला पिट लेन उघडली.

सव्वानऊ. सुरुवातीच्या बेताच्या फेऱ्या करून मालक गाडी खुणांवर आणून उभी करतात. इंजिन बंद करायचं नाही, हे त्यांना आता सांगावं लागत नाही. मी वाकून उजव्या दाराखालच्या नळीवर हात ठेवते. कोमट. साधारण ८५ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हाच ऑइल पुढच्या कूलरमधून फिरू लागतं. तोवर लेव्हल बघणं फुकट. आणखी दोन फेऱ्या मारायला पाठवलं. परत आल्यावर नळीला हात लावून ठेवता येईना, म्हणजे आता मोजायचं.

मागचं झाकण उघडून ऑइलचं बूच फिरवलं तशी इंजिनाची लय अडखळली. हे चांगलं लक्षण. बूच काढल्यावर ब्रीदरमधून आगंतुक हवा आत जाते आणि इंजिन कुरकुरतं. ते जराही कुरकुरलं नाही तर हवा आधीच दुसरीकडून कुठून तरी आत शिरते आहे, ती जागा शोधावी लागते. डिपस्टिक पुसली, पूर्ण आत बसवली, सरळ वर काढली. परत आलेलं ऑइल ताक घुसळल्यासारखं फेसाळ असतं, कांडीच्या एका बाजूला उंच चिकटतं आणि दुसऱ्या बाजूला खाली. आम्ही दोन्ही बाजू बघतो, खालचा आकडा खरा मानतो, पुन्हा पुसून पुन्हा बघतो. दोन खुणांच्या बरोबर मध्ये. ट्रॅकसाठी मला हीच जागा पसंत आहे. वरच्या खुणेपर्यंत भरलं तर जोराच्या वळणात ब्रीदरवाटे ऑइल बाहेर पडायची भीती. मुलानं वहीत लिहिलं : वेळ, तापमान, लेव्हल.

"पहाटे एक थेंबही नव्हता आणि आता निम्मी," तो म्हणाला.

"आपण काही घातलं का?"

"नाही हो ताई."

सव्वादहा. आता खरा वेग. रेडगेटचं लांबलचक उजवं वळण आणि त्यानंतर क्रेनर कर्व्हजचा उतार, जिथं गाडी उतरता उतरता दिशा बदलते. साध्या चेंबरमधलं ऑइल अशा ठिकाणी एका भिंतीला जाऊन चिकटतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो. क्रँकच्या बेअरिंगला तेवढे काही क्षण पुरतात. ड्राय संप आहे तो यासाठी. टाकी उंच आणि अरुंद असते, ऑइल तळाशी राहतं आणि पंपाचं तोंड त्यात बुडालेलं राहतं. पण टाकीत पुरेसं असेल तरच. याच डॉनिंग्टनवर १९३७मध्ये रोझेमायर आणि १९३८मध्ये नुव्होलारी इंजिन मागे असलेल्या ऑटो युनियन गाड्यांवर जिंकले. त्या गाड्यांची मूळ आखणी फर्डिनांड पोर्श यांच्याच कचेरीतली. इथं ९११ बघताना मला ते आठवतंच.

मालक उतरले ते जरा घाबरूनच. ऑइल लेव्हलचा काटा सरळ रस्त्यावर तळाला जात होता. त्यांना पुन्हा समजावलं. तो काटा गाडी गरम, चालू आणि सपाटीवर उभी असतानाच खरं सांगतो. इंजिन चढ्या आरपीएमवर असताना बरंच ऑइल इंजिनात फिरत असतं, टाकीत कमी दिसणारच. धावताना डोळा ठेवायचा तो दाबाच्या काट्यावर. ठोकताळा असा की गरम इंजिनात दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय, म्हणजे पाच हजारांवर साडेतीन बारच्या खाली येता कामा नये. वळणात काटा क्षणभर जरी लवला, तरी आत यायचं.

साडेअकरा. शेजारच्या पिटमध्ये कॉर्व्हेट झेड०६ आहे. तिचा चालक आमचं बघून चालू इंजिनावर डिपस्टिक काढायला निघाला होता, त्याला थांबवलं. तीही ड्राय संपच, पण तिची रीत निराळी : इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग बघा. शिवाय त्या मॉडेलचं सालही विचारावं लागतं. २००६ ते २००८च्या गाड्यांत ८ क्वार्ट ऑइल मावतं, २००९पासून मोठी टाकी, साडेदहा क्वार्ट. एका गाडीचा नियम दुसरीला लावू नये. गाडीचं मॅन्युअल उघडावं, आणि ज्या स्थितीत ते मोजायला सांगतं त्याच स्थितीत प्रत्येक वेळी मोजावं.

जेवणाची सुट्टी बारा ते एक. गाडी बंद, झिरपणं सुरू. या तासात डिपस्टिकला हात नाही.

तीन. उन्हं तापली, ऑइल ११० अंशांना पोचलं. पुन्हा खडूच्या खुणांवर, पुन्हा चालू इंजिन. लेव्हल पाव भागावर आली आहे. हवेवर थंड होणारं हे इंजिन ऑइल खातंच, ट्रॅकवर जरा जास्त, पण कुठं गळत नाही ना ते बघितलं. खालून कोरडं. दोन खुणांमध्ये साधारण दीड लिटरचं अंतर, म्हणजे पाव भागापासून मध्यापर्यंत पावणेचारशे मिलिलिटर लागतील. स्वच्छ नरसाळ्यातून ३०० घातलं. मुलगा लगेच डिपस्टिककडे वळला.

"थांब. ते फिरून येऊ दे."

मिनिटभरानं मोजलं, मध्याच्या किंचित खाली. पुरे झालं. उरलेलं घालायचा मोह आवरला, कारण घालणं दोन सेकंदांचं आणि काढणं सिरिंजनं अर्ध्या तासाचं.

पाचला ट्रॅक बंद. शेवटचं मोजमाप लिहून गाडी ट्रेलरवर.

सात. गॅरेजात ऑइल बदलायचंय. ट्रेलरवरून उतरवून इंजिन पुरतं गरम केलं आणि बंद केलं. बूच दोन, एक टाकीखाली आणि एक इंजिनाखाली. एकच उघडलं तर निम्मं काम. गाडीत एकूण १३ लिटरच्या आसपास ऑइल असतं, पण पुढचा कूलर आणि नळ्यांतलं तिथंच राहतं, बाहेर येतं नऊ-दहा. पुस्तकातला १३चा आकडा बघून तेवढं ओतणारे लोक आहेत.

जुना फिल्टर कटरनं कापला. घड्या उलगडून दिव्याखाली एकेक बघितली. बेअरिंग झिजलं की तांबूस चमक दिसते, ती नव्हती. चुंबकाच्या बुचावर राखाडी लेप, बोटांत चोळला तर कण लागत नाहीत. नेहमीची झीज. इंजिन निरोगी आहे.

आठ लिटर भरले आणि थांबलो. बाकीचं उद्या, गाडी पुरती गरम झाल्यावर मोजून. सकाळी माझ्याआधी कोणी येऊन गाडी बाहेर काढायला नको, म्हणून मुलानं स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावून जाड पेननं लिहिलं : '८ लिटर घातलं आहे. लेव्हल लावायची बाकी. रेस करू नये.'