खुब्याचा जुना फोटो टाकू नका



तोडणीच्या तारखेसाठी गट ऑफिसात आलेले एक सभासद मध्येच म्हणाले, "साहेब, आईच्या खुब्याचा जुना फोटो डॉक्टर मागताहेत. आम्ही तो गोठ्याच्या खिडकीला लावला, दोन पावसाळ्यांत गेला." मातोश्रींचा सांधा बदलून अकरा वर्षे झाली. दुखत काही नाही, देवळापर्यंत चालत जातात. पण नव्या एक्स-रेत दांडा जरा खाली दिसला. तो पहिल्यापासून तेवढाच होता की नंतर खचला, हे पहिल्या फोटोशिवाय कसे सांगणार? आता सहा महिने थांबून पुन्हा फोटो. तोवर घरात घोर.

विषय उसाचा नाही खरा. पण असे खुबे आता आपल्याही घरोघरी आहेत.

इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या इस्पितळात डॉ. जॉन चार्न्ली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी बसवली. ती थोड्याच वर्षांत झिजली. १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी घेतली आणि काम टिकाऊ झाले. तरी झीज ही होतेच. झिजेचे बारीक कण भोवती साठतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडते आणि त्यात शेजारचे हाडच विरते. हे बहुधा न दुखता चालते. हुमणीचेच घ्या ना! वर पाला हिरवागार, खाली मुळ्या खाल्लेल्या. हल्लीचे प्लॅस्टिक पुष्कळ कमी झिजते, पण डॉक्टरांनी दिलेली फोटोची तारीख चुकवू नये. हाड शिल्लक असले तरच दुसरी शस्त्रक्रिया सोपी जाते.

प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही. गोळा वाटीत वर सरकला का, यावरून झीज ओळखतात. धातू आणि हाड यांमधली काळी रेघ रुंदावली का, तेही पाहतात. फरक मिलिमीटरचा असतो. मोबाईलवर फोटोचा फोटो पाठवून तो मोजता येत नाही. मूळ फिल्म किंवा सीडीच न्यावी.

"आत लोखंड आहे, एम.आर.आय. होणार नाही," असे पारावर सांगतात. बहुतेक खुबे टायटॅनियमचे किंवा कोबाल्ट-क्रोमचे असतात. यंत्र ते ओढून घेत नाही. धातूजवळ चित्र मात्र विस्कटते. म्हणून आधी सांगावे, शस्त्रक्रियेचे कार्ड दाखवावे.

आणि पाय एकाएकी आखूड होऊन वळला, तर हाडवैद्याकडे ओढायला नेऊ नका. सांधा निखळलेला असू शकतो. थेट दवाखाना गाठा, आधी फोटो.

मातोश्रींचा नवा फोटो सभासदाने ऊसबिलाच्या पावत्यांच्या पेटीत ठेवला आहे.

— ऊस विकास अधिकारी