दुसऱ्या घराची निवड

बारावीचा निकाल लागला, की अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो : पुढील शिक्षणासाठी मुलाला किंवा मुलीला कोठे पाठवावे? या प्रश्नाचा खल महिनाभर चालतो. गुणपत्रिका पाहिली जाते, जाणत्यांचा सल्ला घेतला जातो, आणि अखेर एखाद्या मोठ्या शहरातील महाविद्यालय निश्चित होते. मग दुसरा प्रश्न येतो : तेथे राहावे कोठे? याचा निर्णय मात्र पुष्कळदा एका दुपारीच उरकला जातो. वास्तविक महाविद्यालयात आपण दिवसाचे पाचसहा तास असतो. उरलेले अठरा तास जेथे जातात, त्या जागेची निवडही तितक्याच विचाराने झाली पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस मुकुंदवाडी आहे. एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते. आता शहर त्याच्याही पलीकडे पसरले आहे. रेल्वेचे लहानसे स्थानक, जालना रस्त्यावरची अखंड वर्दळ, आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या कामगारांची घरे, अशी ही वस्ती. येथील एका मुलीला काही वर्षांपूर्वी पुण्याच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. वडील कारखान्यात कामगार. घर सोडून इतक्या दूर शिकायला जाणारी त्या कुटुंबातील ती पहिलीच. एके संध्याकाळी बापलेक माझ्याकडे आली. वडिलांच्या हातात एक वही होती व तीत चार जागा लिहिलेल्या होत्या : आत्याचे घर, महाविद्यालयाचे वसतिगृह, एका सेवाभावी संस्थेचे वसतिगृह, आणि ‘कॉट बेसिस’वर मिळणारी खाजगी जागा, म्हणजे एका खोलीत तीनचार जणींनी एकेक खाट भाड्याने घेऊन राहण्याची सोय.

“सर, यांतली कोणती घ्यावी?” त्यांनी विचारले. “हिची आई म्हणते, आत्याकडेच ठेवा.”

मी त्यांना वहीत प्रत्येक जागेपुढे काही गोष्टी लिहावयास सांगितले. त्याच तुम्हांलाही सांगतो. कारण आज ना उद्या तुम्हांपैकी अनेकांना अशीच वही करावी लागेल.

पहिली गोष्ट अंतराची. आत्याचे घर प्रेमाचे खरे, परंतु ते पुण्याच्या दुसऱ्या टोकाला होते. जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर आठवड्याच्या सहा दिवसांत अठरा तास झाले. एवढ्या वेळात एखाद्या विषयाची चांगली तयारी होते.

दुसरी गोष्ट खर्चाची. केवळ भाडे पाहून भागत नाही. अनामत रक्कम, खानावळ, वीज, प्रवास आणि सुट्टीत घरी येण्याचा खर्च, हे सारे मिळवून वर्षाची बेरीज करावी. जी जागा महिन्याच्या हिशेबात स्वस्त दिसते, ती वर्षाच्या हिशेबात महाग ठरू शकते. शासनाची वसतिगृहे आहेत, तसेच वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना साहाय्य करणाऱ्या शासकीय योजनाही आहेत. त्यांची चौकशी अवश्य करावी. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, म्हणून महाविद्यालयाच्या प्रवेशाबरोबरच वसतिगृहाचा अर्जही करावा.

तिसरी गोष्ट आरोग्याची व सुरक्षिततेची. ही माहितीपत्रक वाचून कळत नाही. स्वतः जाऊन पाहावी लागते. जेवणाच्या वेळी जावे, स्वयंपाकघर पाहावे, पाणी किती वेळ येते ते विचारावे, न्हाणीघरे व शौचालये पाहावीत. रात्री जबाबदार माणूस तेथे असतो की नाही, कोणी आजारी पडले तर काय करतात, हेही विचारावे. आणि हे प्रश्न कार्यालयातच नव्हे, तर तेथे राहणाऱ्या मुलांनाही विचारावेत. नव्या विद्यार्थ्यांचा छळ, ज्याला ‘रॅगिंग’ म्हणतात, तो महाराष्ट्रात १९९९ सालच्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. तसे काही घडल्यास लपवू नये. ताबडतोब वडील माणसांना व प्राचार्यांना सांगावे.

चौथी गोष्ट अभ्यासाची. अभ्यासिका आहे काय? ती रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? तेथे शांतता असते काय?

आणि पाचवी गोष्ट, जी वहीत लिहावयाची बहुतेक जण विसरतात, ती सोबत्यांची. आपण कोणाबरोबर राहणार? कोणाच्या पंगतीला बसणार? हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे कळण्यासाठी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यासारख्या शहरात शिकावयास आलेले गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे दिवस वाटून घेतलेले असत. काही जण माधुकरी मागत. ज्यांना जातीमुळे कोणी दारातही उभे करीत नसे, त्यांना तर हा मार्गही बंद होता. शाळा उघडी असूनही केवळ राहण्याजेवण्याची सोय नाही, म्हणून किती मुले शिक्षणाला मुकली असतील!

ही अडचण कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ओळखली. १९०१ सालापासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली, त्यांना जागा व द्रव्य दिले. त्यामुळे खेड्यापाड्यांतील मुले प्रथमच शहरात राहून शिकू लागली. त्या काळी समाजात जातिभेद फार कडक होता. म्हणून ही वसतिगृहे बहुतांशी एकेका समाजाची होती.

पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनी टाकले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एकत्र काम करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. या मुलांना कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आईची माया दिली. धान्य संपे तेव्हा त्या आपले दागिने मोडीत. आणि अखेर मुलांना उपाशी ठेवावयाचे नाही, म्हणून त्यांनी आपले मंगळसूत्रही मोडले.

आपल्या मराठवाड्याची कथाही ऐका. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी येथील अनेक विद्यार्थी विद्यापीठाच्या शिक्षणासाठी हैदराबादेस जात. तेथे आणि तेव्हाच्या औरंगाबादेत निजामाची राजवट होती. १९३८ साली या दोन्ही शहरांतील वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यास बंदी झाली, तरी ते मागे हटले नाहीत. अनेकांना वसतिगृह आणि शिक्षण दोन्ही सोडावे लागले. त्यांतील पुष्कळांना पुढे नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. एकट्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या अंगी हे धैर्य कदाचित आले नसते. ते एकमेकांच्या सोबतीने आले. पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. त्याच्या नागसेनवन परिसरात वसतिगृहाचीही सोय झाली आणि वाड्यावस्त्यांवरील मुलांना शहरात हक्काचे छप्पर मिळाले.

म्हणजे वसतिगृह हे केवळ निजण्याचे ठिकाण नव्हे. तेथे माणूस माणसांत राहावयास शिकतो.

आता आपल्या वहीकडे परत येऊ. महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या यादीत मुलीचे नाव लागले नाही. खाजगी जागा महाविद्यालयाजवळ होती. पण वर्षाची बेरीज वडिलांना झेपणारी नव्हती. राहिली आत्या आणि संस्थेचे वसतिगृह. संस्थेत पैसे थोडे पडत. परंतु झाडलोट, वाढणे, भांडी घासणे ही कामे मुलींनी पाळीपाळीने करावयाची, असा नियम होता. वडिलांचा चेहरा उतरला. “घरी आम्ही हिला कामाला हात लावू देत नाही, सर. म्हणतो, तू शिक. तिथं झाडू मारायला कसं पाठवू?”

एवढा वेळ गप्प बसलेली मुलगी तेव्हा बोलली. “आत्याकडे मी पाहुणी असेन, बाबा. पाहुण्याला रात्री दोन वाजता दिवा लावता येत नाही. तिथं काम करीन, पण जागा माझी असेल.”

ती संस्थेत राहावयास गेली. सारे लगेच सुरळीत झाले असे नाही. पहिल्या महिन्यात ती रोज फोनवर रडे. एकदा तर वडील तिला परत आणावयास निघाले होते. तिच्या खोलीतील दुसरी मुलगी मेळघाटातून आलेली, घरी कोरकू बोलणारी. दोघींना एकमेकींचे बोलणे आणि खाणे दोन्ही नवे. परंतु पावसाळ्यात ही तापाने आजारी पडली, तेव्हा रात्रभर उशाशी तीच बसली. त्यानंतर फोनवरचे रडणे थांबले.

दिवाळीत मुलगी मुकुंदवाडीस आली. रात्री जेवण झाल्यावर तिने आपले ताट उचलले, घासले आणि पालथे घातले. कोणी सांगितले नव्हते. वडील नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र जेवण होताच त्यांनी स्वतःचे ताट स्वतः उचलले. “आमच्या घरात हे पहिल्यांदाच झालं,” असे तिच्या आईने मला नंतर हसत सांगितले.

मुलांनो, उद्या तुम्हीही शिकावयास दूर जाल. तेव्हा अंतर मोजा, खर्चाची बेरीज करा, पाणी व स्वयंपाकघर पाहा, अभ्यासाची सोय विचारा. त्यात संकोच करू नका. पण शेवटी स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारा : येथे मला केवळ सेवा मिळेल, की माझ्याही हातांना काम आणि मनाला नवी माणसे मिळतील? पहिले घर आपल्याला जन्माने मिळते. दुसरे घर आपण निवडतो, आणि इतरांच्या सोबतीने ते उभे करतो.

अभ्यास

१. वसतिगृह निवडताना कोणत्या पाच गोष्टी पाहाव्यात, असे लेखक म्हणतात?
२. ‘वार लावून जेवणे’ म्हणजे काय? हा मार्ग कोणाला बंद होता?
३. साताऱ्याचे वसतिगृह कोल्हापूरच्या वसतिगृहांहून कोणत्या बाबतीत पुढचे पाऊल ठरले?
४. मुलीने आत्याचे घर का निवडले नाही? तिचे म्हणणे तुम्हांस पटते काय? कारणे लिहा.
५. वडिलांनी स्वतःचे ताट स्वतः उचलले, यावरून काय दिसून येते?
६. वसतिगृहात राहिलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस भेटून तेथील अनुभव विचारा व दहा ओळींत लिहा.