आळ पंपावर

“पंप गया,” ऑपरेटरने निकाल देऊन टाकला होता. ठेकेदाराने दिल्लीत काश्मिरी गेटकडच्या बाजारात पंपाचे भावही विचारून ठेवले होते. गुरुग्राममध्ये एका इमारतीच्या तळघरासाठी खोदलेल्या खड्ड्यात वीस टनी पोकलेन मे महिन्याच्या उन्हात उभं होतं. सकाळी ते नीट काम करी. दुपार झाली की बूम उचलताना इंजिन नुसतं गुरगुरे आणि बकेट सावकाश वर येई. फरीदाबादहून बोलावलेल्या मिस्त्रींना हाताखालची पोरं उस्ताद म्हणत होती. उस्तादांनी आल्याआल्या पान्याला हात लावला नाही.

त्यांनी आधी प्रश्न विचारले. सगळंच मंदावतं की एकच हालचाल? थंड असताना की तापल्यावर? एकदम झालं की हळूहळू? आणि शेवटी, मला सगळ्यांत मोलाचा वाटलेला प्रश्न: याआधी मशीन कुणी उघडलं होतं, आणि कशासाठी? ऑपरेटर घुटमळला. महिन्याभरापूर्वी दगड फोडायच्या ब्रेकरचा होज फुटला होता, तो साइटवरच बदलला होता. उस्तादांनी नुसतं “हूँ” केलं.

हे प्रश्न मशीनच्या रचनेतूनच येतात. पोकलेनच्या इंजिनाला दोन मोठे पंप जोडलेले असतात. टाकीतलं तेल ओढून ते मुख्य वॉल्व्हकडे ढकलतात, आणि जोर लागला की दाब 350 बारच्या घरात जातो. शेजारी एक छोटा पायलट पंप असतो, साधारण 40 बारचा. जॉयस्टिकचा हुकूम वॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्यापर्यंत, म्हणजे स्पूलपर्यंत, पोचवणं एवढंच त्याचं काम. एकटा बकेटचा जॅक ढिला पडला तर दोष त्याच्या सीलमध्ये, स्पूलमध्ये किंवा रिलीफ वॉल्व्हमध्ये शोधायचा. सगळंच मंदावलं तर जे सगळ्यांना सामाईक आहे तिकडे वळायचं: तेल, गाळण्या, पायलटचा दाब, इंजिनाची ताकद.

डावी आणि उजवी साखळी वेगवेगळ्या पंपांवर चालते. म्हणून उस्तादांनी खड्ड्याच्या सपाट भागात फक्कीची रेघ ओढली आणि मशीन तिच्यावरून चालवायला लावलं. ते रेघेवरून सरळ गेलं. दोन पंप एकाच वेळी, एकाच मापाने खराब होणं कठीण, असा त्यांचा हिशेब. मशीन एका बाजूला ओढलं असतं तर दोन्ही पंपांचे होज अदलाबदल करून पुन्हा चालवलं असतं. दोषाने बाजू बदलली तर पंपात खोट, नाही बदलली तर पंपाच्या पुढे कुठेतरी. गेज न लावता, काही न उघडता निम्मं मशीन संशयातून मोकळं करणारी ही चाचणी मला फार आवडली.

मग त्यांनी ऑइल कूलरच्या मागे टॉर्च धरला. पुढच्या बाजूने उजेड दिसलाच नाही. जाळीत धूळ आणि तेलाचा ओशटपणा मिळून घट्ट थर बसला होता. कूलर तेलाची उष्णता हवेला देतो, तेव्हा सगळा खेळ दोघांच्या तापमानांतल्या फरकाचा. तेल 80 अंशांवर आणि हवा 30 वर असेल तर फरक 50 चा. दिल्लीच्या मे महिन्यात हवाच 45 वर जाते, फरक 35 उरतो, म्हणजे स्वच्छ कूलरचीही जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. तापलेलं तेल पातळ होतं. 46 नंबरच्या तेलाची चिकटाई 40 अंशांना 46 सेंटिस्टोक असते, 100 अंशांना ती 7 च्या आसपास येते. तेल पातळ झालं की पंपातल्या आणि वॉल्व्हमधल्या बारीक फटींतून ते मागे निसटतं, त्या निसटण्यानेच आणखी तापतं, आणि सील कडक होऊन चिरू लागतात. दुपारी ढिलाई येते ती अशी.

कूलर हवेच्या झोताने साफ झाला, मशीन पुन्हा तापवलं, गेज लागले. पायलटचा दाब बरोबर. मुख्य दाबही जवळजवळ पूर्ण. मग पंपाच्या पोटातून टाकीकडे जाणारी गळतीची नळी टाकीपाशी सोडून बादलीत घेतली आणि घड्याळ लावून तेल मोजलं. ही नळी चुकून बंद केली तर पंपाचं सील फाटतं, म्हणून तिथे घाई करत नाहीत. तेल कंपनीच्या मर्यादेहून थोडं जास्त निघालं. पंप झिजू लागला होता, पण गेला नव्हता.

झिजवलं कुणी, हे परतीच्या गाळणीने सांगितलं. उस्तादांनी ती करवतीने कापली आणि कागदाच्या घड्या उन्हात पसरल्या. पितळेची चमक दिसली, ती पंपाच्या पिस्टनच्या बुटांची. सीलच्या रबराचे काळे कण होते. त्याहून जास्त होती करडी भुकटी. आणि कापडाचे तीन-चार धागे. साइटवर होज बदलताना उघड्या तोंडात चिंधी कोंबली होती, हे ऑपरेटरने आता कबूल केलं.

भुकटी ब्रेकरची. गुरुग्राम आणि दक्षिण दिल्लीखाली अरवलीचा क्वार्टझाइट आहे. त्यातलं क्वार्ट्‌झ मोह्‌सच्या मापावर 7, साध्या पोलादाहून कठीण. छिन्नीचा बुश आणि ब्रेकरचं सील झिजलं की दगडाची पूड दट्ट्याबरोबर आत ओढली जाते. ब्रेकरच्या परतीच्या वाटेवर स्वतंत्र गाळणीची सोय होती, गाळणी मात्र नव्हती. डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनहून लहान कण दिसत नाही. पंप आणि स्पूलच्या फटी बऱ्याचदा 5 ते 20 मायक्रॉनच्या असतात. म्हणजे घात करणारा कण डोळ्यांना दिसतच नाही, आणि ‘तेल साफ दिसतंय’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

कोकणात पोकलेनच्या तेलाचा शत्रू पाणी. तेल ताकासारखं पांढुरकं झालं की कुणीही ओळखतं. दिल्लीची धूळ अशी वर्दी देत नाही. हिवाळ्यात तिथे वेगळाच प्रकार. हवा बिघडून ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषणाबरोबर टप्प्याटप्प्याने कडक होणाऱ्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागला की बहुतेक खोदकामं थांबतात. 18 नोव्हेंबर 2024 ला चौथा टप्पा लागला तेव्हा रस्ते-पुलांसारखी सरकारी कामंही थांबली. मशिनं उघड्यावर उभी राहतात, जॅकचे चकचकीत दांडे बाहेर असतील तर त्यांवर गंज आणि धूळ धरते, टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटतं. बंदी उठली की बुडालेले दिवस भरून काढायचे असतात. गारठलेलं तेल कोमट व्हायची वाट कोण पाहणार? तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या धंद्यात मशीन कमी खराब होतं ते ठेकेदाराच्या शहाणपणाने, मिस्त्रीच्या कौशल्याने नव्हे, असं माझं मत झालं आहे.

मधेच एका पोराने गळणारी जागा शोधायला होजवरून हात फिरवायला घेतला. “हाथ मत लगा!” उस्ताद एवढे कडाडले की सगळे थबकले. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम बारीक दिसते, दुखतही नाही फारसं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती पुठ्ठा धरून पाहायची. आणि सांधा उघडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, जॉयस्टिक हलवून अडकलेला दाब सोडायचा.

जोडणी करताना उस्तादांचा वेग निम्म्यावर आला. प्रत्येक सांधा उघडण्याआधी बाहेरून धुतला. उघड्या तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावली, ती पिशवीत नेहमी असतात. नवं तेल बादलीने न ओतता गाळणीच्या पंपातून टाकीत भरलं, कारण सीलबंद पिंपातलं तेलही या फटींच्या मानाने पुरेसं स्वच्छ नसतं. टाकीचा श्वासमार्ग, म्हणजे ब्रीदर, बदलला. जॅक आत-बाहेर होताना टाकीतल्या तेलाची पातळी खाली-वर होते, तेवढी हवा टाकी बाहेरून ओढते आणि हवेबरोबर धूळही.

मग ठेकेदाराशी बोलणी. पंपाचा खर्च लाखांत, गाळण्यांचा हजारांत, तरी तो हजारांवरच अडला होता. “पचास घंटे बाद फिल्टर फिर काटूँगा,” उस्ताद म्हणाले, “तब तक ब्रेकर मत लगाना.” खाली दगड लागला आहे आणि त्याचं दुसरं मशीन वेगळ्या साइटवर गेलं आहे, असं ठेकेदाराने ऐकवलं. शेवटी ब्रेकरचे बुश आणि सील बदलायचं, परतीच्या वाटेवर गाळणी बसवायची आणि पन्नास तासांनी पुन्हा पाहायचं, एवढ्यावर तडजोड झाली. तेलाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे गेला. सगळं तेल काढायचं की नाही ते अहवाल आल्यावर ठरणार होतं. अहवालाची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी बुश बसले, गाळणी लागली आणि दुपारच्या आत ब्रेकर दगडावर होता.