मुलांचे दांत आणि भुलीची झोंप

भूल देऊन दांत काढणें ही गोष्ट नवी नव्हे. भुलीचें शास्त्र दंतवैद्यांनींच जन्मास घातलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. अमेरिकेंतील हार्टफोर्ड येथील होरेस वेल्स ह्या दंतवैद्यानें १८४४ च्या डिसेंबरांत नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. आणि विल्यम मॉर्टन ह्या दुसऱ्या दंतवैद्यानें १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टनच्या रुग्णालयांत ईथरचा गुण जाहीरपणें सिद्ध करून दाखविला. वेदनेवरील ह्या विजयाच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु भुलींतून जागें झालेल्या मुलाला काय वाटलें, हें त्यालाच विचारणारे थोडे.

इंग्लंडांतील शेफील्डच्या संशोधकांनीं तें विचारलें. त्या देशांत पांच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयांत दाखल करावें लागण्याचें पहिलें कारण दांतांची कीड हेंच गेलीं कित्येक वर्षें ठरत आलें आहे. २००१ च्या अखेरीपासून तेथें दंतवैद्याच्या खाजगी दवाखान्यांत अशी पूर्ण भूल देतां येत नाहीं. अतिदक्षतेची सोय असलेलें रुग्णालयच लागतें. ह्या संशोधकांनीं सहा ते अकरा वर्षांच्या दहा मुलांना व्हिडिओवर आपापली रोजनिशी बोलावयास लावली, व तो लेख २०१४ सालीं ब्रिटिश डेंटल जर्नलमध्यें छापून आला. त्या रोजनिशींत भूक आहे, मळमळ आहे, तोंडांतलें रक्त आहे, थकवा आहे; घरच्यांनीं केलेले लाडही आहेत. मास्तरकींत जन्म गेल्यामुळें आम्हांस ह्याचें नवल वाटलें नाहीं. मुलाला परीक्षेचा निकाल आठवत नाहीं. परीक्षेच्या दिवशीं शाई सांडली, तें आठवतें.

पैकीं भुकेचें कारण समजून घेण्यासारखें आहे. भुलींत खोकल्यासारखे घशाचें रक्षण करणारे व्यापार थांबतात, व पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें. म्हणून आधीं सहा तास अन्न वर्ज्य. साधें पाणी मात्र डॉक्टर सांगतील तोंपर्यंत चालतें. आजीनें कळवळून हळूच दिलेलें एक बिस्किट म्हणजे शस्त्रक्रिया पुढें ढकलली जाणें, आणि त्या जीवाला तोच उपास पुन्हां. मोठ्यांच्या एकादशीला साबूदाण्याची खिचडी असते. ही एकादशी तशी नव्हे.

पुढें मुखवट्यांतून सेव्होफ्लुरेन नांवाचें गोडसर वासाचें औषध हुंगवितात, किंवा हाताला बधिर करणारें मलम लावून सुई टोंचतात. मूल झोंपलें कीं किडक्या दाढा भरणें, काढणें, सारें एकाच बैठकींत उरकतें. पुष्कळदां श्वासाची नळी नाकावाटे घातलेली असते. त्यामुळें मागाहून घसा दुखतो, क्वचित् नाकांतून थोडें रक्त येतें. खरा कठीण प्रसंग जागें होण्याचा. कांहीं मुलें किंचाळतात, हातपाय झाडतात, प्रत्यक्ष आईला ओळखीत नाहींत. बहुधा अर्ध्या तासांत हें शमतें, व मुलाला पुढें त्याची आठवणही नसते. आधीं कोणी सांगितलेलें नसलें म्हणजे त्या आईची मात्र काय अवस्था होते!

आमच्या एकत्र कुटुंबांतून आणखी एक खोड आहे. दवाखान्यांत नेतांना मुलाला ‘मामाकडे जाऊं’ असें सांगून बाहेर काढतात. भूल देणें निराळें, भूलथाप देणें निराळें. पहिली भूल डॉक्टर घटकाभरानें उतरवितात. दुसरी उतरविणारा वैद्य आम्हीं पाहिला नाहीं. भूक लागेल, मुखवटा लावतील, उठल्यावर तोंड विचित्र वाटेल, आणि आम्ही जवळच असूं: एवढें सहा वर्षांच्या मुलाला चांगलें समजतें.

रात्रीं साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत ठेवून निजविण्याची चाल घरांत तशीच राहिली, तर राहिलेले दांतही त्याच वाटेनें जातात व दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पडलेला दुधाचा दांत कौलावर फेंकण्याची मुलांना केवढी हौस! भुलींत दांत केव्हां गेला, तें कळतच नाहीं. जीभ नुसती रिकाम्या जागेवर फिरत राहते. मुलाला दांत हवा असेल तर डॉक्टरांना आदल्या दिवशींच विचारून ठेवावें. मागाहून तो सांपडत नाहीं.