रक्तबिंबिकांचे दान : स्वरूप आणि निकड

रक्तदान शिबिर ही महाराष्ट्रात आता नवलाईची बाब राहिलेली नाही. थोर पुरुषांच्या जयंत्या, गणेशोत्सव, संस्थांचे वर्धापनदिन अशा निमित्तांनी तालुक्याच्या गावीही शिबिरे भरतात आणि तरुण मंडळी उत्साहाने रांगा लावतात. तथापि रक्तातील एका घटकाची गरज अशा शिबिरांतून पुरतेपणी भागत नाही. तो घटक म्हणजे रक्तबिंबिका. रुग्णालयांत, आणि आता घरोघरीही, तो प्लेटलेट्स या नावाने ओळखला जातो.

रक्तवाहिनीला इजा झाली की तेथे धावून जाऊन एकमेकींना चिकटणे व रक्तस्राव थांबविणे हे या सूक्ष्म कणांचे काम होय. जुलिओ बिझ्झोझेरो या इटालियन शास्त्रज्ञाने १८८२ साली त्यांचे कार्य जगापुढे मांडले. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या दीड ते चार लाख असते. अस्थिमज्जेत त्या तयार होतात, आठ-दहा दिवस जगतात आणि त्यांची जागा नव्या बिंबिका घेतात. रक्ताच्या कर्करोगात मात्र हा कारखानाच आजारी पडतो. त्यावरील प्रखर औषधांनी तो काही काळ जवळजवळ बंदही होतो. अशा रुग्णाच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागते आणि मेंदूत रक्तस्राव झाल्यास प्राणावर बेतते. औषधांचा परिणाम दिसेपर्यंतचे हे दिवस निभावून नेण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या बिंबिका पुनःपुन्हा द्याव्या लागतात. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. आजारी मुलाला घेऊन परक्या शहरात आलेल्या आईबापांनी दाते शोधायचे कोठे, हा तेथील नित्याचा प्रश्न आहे.

पाच दिवसांची मुदत

तांबड्या पेशी शीतकपाटात पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात. बिंबिकांना थंडी सोसत नाही. त्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हलत्या तबकावर ठेवाव्या लागतात आणि तरीही साधारणतः पाच दिवसांनी निरुपयोगी ठरतात. जयंतीच्या दिवशी शेकडो दाते येऊन गेले, तरी पुढच्या आठवड्यातील रुग्णाला त्यांच्या बिंबिका मिळू शकत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत आणि दिवाळीत दाते गावी गेले की ही उणीव अधिकच जाणवते. शिवाय शिबिरात घेतलेल्या रक्तातून बिंबिका वेगळ्या करावयाच्या, तर ते रक्त सहा ते आठ तासांच्या आत रक्तघटक विलगीकरणाची सोय असलेल्या रक्तपेढीत पोहोचावे लागते. आडवळणाच्या गावी हे जमतेच असे नाही. जमले तरी प्रौढ रुग्णाच्या एका मात्रेसाठी अशा पाच-सहा पिशव्या, म्हणजे तितकेच दाते, लागतात.

यावरचा उपाय म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राच्या साह्याने पुरेशा बिंबिका घेणे. या यंत्राच्या जन्माची हकीकत हृद्य आहे. अमेरिकेतील जॉर्ज जडसन या अभियंत्याच्या मुलाला १९६२ च्या सुमारास रक्ताचा कर्करोग झाला. जडसन आयबीएम कंपनीत काम करीत. त्यांनी राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. एमिल फ्रायराइक यांच्याबरोबर रक्तपेशी वेगळ्या करणारे यंत्र घडविण्याचे काम हाती घेतले. आजची यंत्रे त्याच प्रयत्नांची वारस आहेत.

दात्याला काय अनुभवास येते

दाता १८ ते ६० वर्षांचा, किमान ५० किलो वजनाचा आणि निरोगी असावा. त्याचे हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षा आणि बिंबिकांची संख्या दीड लाखापेक्षा कमी नसावी. मागील तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिनची गोळी घेतलेली नसावी, कारण तिच्यामुळे बिंबिकांची चिकटण्याची शक्ती नाहीशी होते. डोकेदुखीवरच्या साध्या गोळीतही कधी कधी हे औषध असते, म्हणून घेतलेले प्रत्येक औषध सांगितलेले बरे. उपाशीपोटी जाऊ नये; हलके जेवण आणि भरपूर पाणी घेऊन जावे. तेलकट पदार्थ मात्र टाळावेत. प्रथम रक्ताचा नमुना घेऊन रक्तगट, बिंबिकांची संख्या, तसेच एड्स, ब व क प्रकारची कावीळ, उपदंश व हिवताप यांची तपासणी होते. कोपराजवळची शीर पुरेशी ठसठशीत आहे ना, हेही पाहिले जाते. अनेक इच्छुक दात्यांना केवळ या कारणाने परत जावे लागते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

नंतर दात्याला आरामखुर्चीवर बसवितात. यंत्र थोडे थोडे रक्त ओढते, ते फिरवून बिंबिका बाजूला काढते आणि उरलेले रक्त दात्याला परत करते. हे चक्र तास-दीड तास चालते. सुई, नळ्या व पिशव्या नव्या व निर्जंतुक असतात, एकदाच वापरून टाकून दिल्या जातात. दात्याला त्यांतून संसर्ग होण्याची भीती नसते. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. त्याचा अंश परतणाऱ्या रक्ताबरोबर शरीरात जातो व रक्तातील कॅल्शियम किंचित घटते. त्यामुळे ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी थंडी वाजते. हे निमूटपणे सोसू नये. तंत्रज्ञाला सांगताच तो यंत्राची गती कमी करतो आणि कॅल्शियमची गोळी देतो. अखेरीस पिशवीत जमा झालेला फिकट पिवळा द्रव पाहून ‘रक्त ते कोठे आहे?’ असे नवख्या दात्याच्या मनात येते.

तांबड्या पेशी बहुतांशी परत मिळत असल्याने अशक्तपणाची शंका निराधार आहे. दिलेल्या बिंबिका दोन-तीन दिवसांत भरून येतात. पंधरा-वीस मिनिटे विश्रांती घ्यावी आणि सुई टोचलेल्या हाताने त्या दिवशी जड ओझे उचलू नये, एवढेच पथ्य. सुईच्या जागी काळेनिळे पडल्यास ते काही दिवसांत जाते. संपूर्ण रक्त देताना पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवस थांबावे लागते. बिंबिका ४८ तासांच्या अंतराने, आठवड्यातून फार तर दोनदा व वर्षातून २४ वेळा देता येतात. या दानाचा मोबदला घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर १९९८ पासून बंदी आली.

डेंग्यूच्या साथीत बिंबिकांसाठी जी धावाधाव होते, तिच्यातील बरीचशी अनाठायी असते. रक्तस्राव नसेल, तर संख्या दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा बिंबिका देण्याची गरज नसते. संख्या पन्नास हजारांवर आली म्हणून नातलगांनी डॉक्टरांकडे हट्ट धरला, तर पाच दिवसांच्या मुदतीची ती पिशवी खऱ्या गरजू रुग्णापासून दुरावते. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या ‘तातडीने हव्यात’ अशा संदेशांचेही तसेच. रुग्णाची गरज भागल्यावरही ते आठवडेच्या आठवडे फिरत राहतात.

यंत्राची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रक्तपेढ्यांत आहे. त्यामुळे शहरालगतच्या ग्रामपंचायती, शाळा व कार्यालये यांनी शिबिराच्या जोडीला रक्तगटवार दात्यांची यादी करावी, हे अधिक उपयोगाचे. यादीत वजन, शेवटच्या दानाची तारीख व दूरध्वनी क्रमांक असावा, दात्याची लेखी संमती असावी आणि ती जवळच्या रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यावी. गावात चौकाचौकात लावू नये. दात्याला बोलावणे रक्तपेढीकडूनच जावे, म्हणजे एकाच दिवशी दहा जण येऊन नऊ जण परत जाण्याचा प्रसंग येत नाही. बाहेरगावी शिकण्यास वा नोकरीस गेलेल्यांची नावे दर सहा महिन्यांनी काढून नवी घालावी लागतात; हे काम शाळेतील एखाद्या शिक्षकाकडे सोपविल्यास ते नेटके होते.