जुन्या जिन्यांचं शहर : एडिंबरा

एडिंबराच्या किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या रस्त्याला रॉयल माइल म्हणतात. पर्यटक तो तासाभरात उतरून जातात. पण त्याच्या दोन्ही अंगांना जे अरुंद दगडी बोळ फुटतात, त्यांतल्या एखाद्यात शिरावं. आत अंगण लागतं, जाडजूड दार दिसतं आणि दाराशेजारी घंटांची उभी ओळ. प्रत्येक घंटेपुढे एकेक आडनाव. युनेस्कोने १९९५ मध्ये इथल्या ‘ओल्ड टाउन’ आणि ‘न्यू टाउन’ला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तरी या भागाचं संग्रहालय झालेलं नाही, हे ती आडनावं सांगतात. नोकरीसाठी किंवा शिकायला पुण्या-मुंबईहून इथे येणाऱ्या मराठी माणसाला मला हेच आधी सांगावंसं वाटतं: हे शहर पाहण्याचं आहेच, पण ते टिकलं आहे ते राहणाऱ्यांमुळे.

किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा उरलेला गाभा. हिमयुगात बर्फाचे प्रवाह त्याला वळसा घालून गेले आणि त्याच्या आडोशाला पूर्वेकडे एक लांब उतरता कणा शिल्लक राहिला. जुनं शहर या कण्यावर वसलं. उत्तरेला तळं, बाजूंना उतार, भोवती तटबंदी. पसरायला जागाच नव्हती, म्हणून घरं एकावर एक चढत गेली. पुढच्या रस्त्यावरून पाच-सहा मजली दिसणारी इमारत मागच्या उतारावरून पाहिली की दहा मजल्यांची निघते. पुढे १७६७ मध्ये जेम्स क्रेग या तरुण वास्तुरचनाकाराचा आराखडा स्वीकारून तळ्यापलीकडे सरळ रस्त्यांचं न्यू टाउन बांधायला घेतलं. श्रीमंत तिकडे गेले आणि जुन्या शहरात गरिबी दाटत गेली. १८६१ मध्ये रॉयल माइलच्याच हाय स्ट्रीट या भागातली एक जुनी इमारत कोसळून ३५ माणसं दगावली. त्यानंतर शहराला पहिला आरोग्य अधिकारी मिळाला.

आज इथे घर घेणारा किंवा भाड्याने राहणारा माणूस बहुधा अशाच दगडी इमारतीत येतो. लिफ्ट नसते. चौथ्या मजल्यावर सामान वाहून न्यावं लागतं आणि फिरत्या जिन्याच्या पायऱ्या शेकडो पावलांनी मधोमध झिजलेल्या असतात. जिना सगळ्यांचा, छप्पर सगळ्यांचं. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला हा व्यवहार लगेच कळेल: जिना झाडायची पाळी, गळक्या छपरावरून होणारी चर्चा, खालच्या मजल्यावरच्या आजींची सगळ्यांवर असलेली नजर. इथे त्याला कायद्याचा आधारही आहे. घरांच्या करारपत्रांत वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर स्कॉटलंडच्या २००४ च्या कायद्यानुसार सामाईक दुरुस्ती मालकांच्या बहुमताने ठरते आणि विरोधात मत देणाऱ्यालाही खर्चाचा वाटा उचलावा लागतो. तरीही वर्षानुवर्षं रखडलेली छपरं दिसतात, कारण एक मालक दुबईत असतो आणि दुसरा पत्रांना उत्तर देत नाही.

खिडक्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. वर-खाली सरकणाऱ्या उंच लाकडी खिडक्या हे या घरांचं सौंदर्य, आणि थंडीही त्यांच्यातूनच आत येते. वारसा यादीतल्या इमारतीत त्या मनाला येईल तशा बदलता येत नाहीत, कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, परवानगी लागते. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सात तासांचा असतो. घर नीट तापलं नाही आणि हवा खेळती राहिली नाही, की कोपऱ्यांत ओल धरते, बुरशी येते. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा छताची नक्षी मागाहून पाहा. आधी खिडक्या उघडून बघा, कपाटामागच्या भिंतीला हात लावा आणि हीटरचं बिल किती येतं ते विचारा.

भाडेकरूच्या बाजूने इथला कायदा भक्कम आहे. डिसेंबर २०१७ पासून होणाऱ्या खासगी भाडेकराराला शेवटची तारीख नसते. भाडेकरू २८ दिवसांची सूचना देऊन घर सोडू शकतो, पण मालकाला घर रिकामं करून घ्यायचं तर कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. एजंटने वर ‘फी’ मागितली तर ती बेकायदा. घर न पाहता परदेशातून पैसे पाठवू नका, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. कौन्सिल टॅक्सच्या बिलात पाण्याचा आकारही धरलेला असतो. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स माफ आहे.

या शहरात राहायला येण्याचा विषय निघाला की मला पॅट्रिक गेडीस आठवतात. गेडीस वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर ते आणि त्यांची पत्नी ॲना न्यू टाउनमध्ये सुखाने राहू शकले असते. त्यांनी रॉयल माइलच्या लॉनमार्केट या भागातल्या जेम्स कोर्टची मोडकळीला आलेली, गर्दीने भरलेली वस्ती निवडली. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना लावला, अंगणं साफ केली, खिडक्यांत फुलझाडं लावली. विद्यार्थ्यांनी स्वतःच चालवायची वसतिगृहं उभी केली. जुनी वस्ती सरसकट पाडायची नाही. जे सडलं आहे तेवढंच काढायचं आणि माणसं तिथेच राहू द्यायची, ही त्यांची पद्धत. तीच घेऊन ते १९१४ मध्ये भारतात आले आणि अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या वर्गात बसलेले, मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ मध्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले. भारतातल्या समाजशास्त्राचा एक धागा असा जेम्स कोर्टच्या अंगणापर्यंत जातो. जवळच्याच रिडल्स कोर्टमध्ये गेडीस यांच्या नावाचं केंद्र आहे. तिथे जरूर जा.

गेडीस यांच्यापुढे दाटीचा प्रश्न होता, आता भीती रिकामं होण्याची आहे. १९४७ पासून दर ऑगस्टमध्ये इथे कलामहोत्सव भरतो. तो मला प्रिय आहे. पण त्याच्या आणि एरवीच्या पर्यटकांच्या जोरावर जुन्या शहरातली कितीतरी घरं रात्रीच्या भाड्याने जाऊ लागली. त्या घरांत रोज नवा माणूस, चाकाच्या बॅगांचा आवाज, आणि जिना झाडायला कुणीच नाही. सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण शहर अशा भाड्यांसाठी नियंत्रित क्षेत्र ठरलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कौन्सिलने घरटंचाईची आणीबाणी जाहीर केली. माझ्या मते नियंत्रण उशिरा आलं, पण आलं ते योग्यच झालं.

जुन्या शहरात परवडणारं घर मिळालं तर आनंदाने घ्या. नाही मिळालं तर लीथकडे पाहा. बंदराची ही वस्ती १९२० पर्यंत वेगळं गाव होती. तिथे जुन्या चर्चच्या इमारतींत मंदिर आणि गुरुद्वारा आहे, लीथ वॉकवर डाळ-मसाल्याची दुकानं आहेत, ट्राम २०२३ पासून पार न्यूहेवनपर्यंत जाते. बाविशीच्या आतल्या रहिवाशांना कार्डावर बस फुकट आहे.

एक काम मात्र घर मिळाल्याच्या आठवड्यातच करा. राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून, इथे राहण्याचा वैध परवाना असलेल्या भारतीयांना कौन्सिलच्या, स्कॉटिश संसदेच्या आणि ब्रिटिश संसदेच्याही निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. रात्रीच्या भाड्यांना परवानगी द्यायची की नाही हे कौन्सिलमध्ये ठरतं. मतदारयादीत नाव नोंदवा आणि मत द्या.